फाउंडेशन डिग्रीनंतर ऑनर्स: इंग्लंडमध्ये तिसरं वर्ष कसं मिळवायचं आणि कसं पार पाडायचं

इंग्लंडमध्ये शाळेत, नर्सरीत, केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलात नोकरी करता करता ज्या मराठी बायका फाउंडेशन डिग्री (ऑनर्स पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचा कोर्स) करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलगा किंवा मुलगी इथल्या कॉलेजात फाउंडेशन डिग्रीला आहे आणि पुढे काय करायचं हे घरात कुणालाच नीट ठाऊक नाही, अशा आईवडिलांनाही त्याचा उपयोग होईल.

माझं स्वतःचं सांगायचं तर, मी कराडजवळच्या गावातून बारावी करून लग्नानंतर स्लाउला आले. प्राथमिक शाळेत आधी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम केलं, मग टीचिंग असिस्टंट झाले. संध्याकाळच्या वर्गांतून फाउंडेशन डिग्री केली आणि पुढे बीए ऑनर्स पूर्ण केलं. आता एका कॉलेजात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देणं हेच माझं काम आहे. गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, माझी दोन वर्षं जूनमध्ये संपताहेत. आता पुढचं वर्ष लागेल ना आपोआप?"

आपोआप लागत नाही. तिसरं वर्ष मागावं लागतं, आणि मागायची वेळ दुसऱ्या वर्षातल्या दिवाळीच्या आसपास असते. जूनपर्यंत थांबलं तर जे उरलेलं असेल त्यातून निवडावं लागतं.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखा

फाउंडेशन डिग्रीची घोषणा २००० साली त्या वेळचे शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी केली आणि २००१ मध्ये पहिले वर्ग सुरू झाले. नोकरीत उपयोगी पडेल असं शिक्षण, मालक आणि कॉलेज यांनी मिळून आखलेलं, आणि हवं तर पुढे पूर्ण पदवीपर्यंत नेणारं, अशी ती कल्पना होती. पूर्ण वेळ केली तर ती दोन वर्षांची असते, नोकरी सांभाळून केली तर बहुधा तीन. तिचे २४० क्रेडिट (अभ्यासाचं माप) असतात: १२० लेव्हल ४ चे म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचे, १२० लेव्हल ५ चे म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या. ऑनर्स पदवीला लागतात ३६०. उरलेले १२० क्रेडिट लेव्हल ६ चे, आणि ते ज्या कोर्समधून मिळतात त्याला टॉप-अप म्हणतात. टॉप-अप पूर्ण वेळ एक वर्षाचा, अर्धवेळ दीड ते दोन वर्षांचा.

आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, हे बहुतेकांना माहीत असतं. इथे फाउंडेशन डिग्रीवाले थेट तिसऱ्या वर्षाला जातात. गावी सासऱ्यांना फोनवर समजावताना मी एवढंच सांगितलं होतं आणि त्यांना ते लगेच कळलं.

फाउंडेशन डिग्री आणि फाउंडेशन इयर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याकडे मात्र नीट लक्ष द्या. फाउंडेशन इयर म्हणजे पदवीच्या आधीचं तयारीचं वर्ष. ते संपलं की मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला जातं. फाउंडेशन डिग्री ही स्वतःच एक पूर्ण पात्रता आहे, तिचा पदवीदान समारंभ होतो, नावापुढे लिहिता येते. नावं सारखी असल्यामुळे चुकीच्या कोर्सची चौकशी करत बसलेले पालक मला दर वर्षी भेटतात.

आणि एक मोठा प्रश्न, जो आपल्या समाजात विशेष महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे भारतातली पूर्ण पदवी असेल, म्हणजे बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. काहीही, तर फाउंडेशन डिग्रीच्या वाटेला जाण्याआधी थांबा. यूके एनिक या संस्थेकडून आपली पदवी इथल्या कोणत्या पातळीची धरली जाते त्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आल्यावर कदाचित तुम्ही थेट पीजीसीईला (पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स) किंवा मास्टर्सला अर्ज करू शकाल. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली बाई इथे पुन्हा लेव्हल ४ पासून सुरुवात करते, केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून, हे बघून मला फार वाईट वाटतं. तिची वर्षं जातात, आणि पुढे पैशांच्या भागात सांगते तसा कर्जाचाही घोटाळा होतो.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

फाउंडेशन डिग्री बहुतेक वेळा फर्दर एज्युकेशन कॉलेजात शिकवली जाते, पण पदवी देते एखादी युनिव्हर्सिटी. काही कॉलेजांना स्वतः फाउंडेशन डिग्री द्यायचा अधिकार आहे. २००७ च्या कायद्याने ती सोय केली आणि २०११ मध्ये न्यूकॅसल कॉलेज आणि न्यू कॉलेज डरहॅम यांना तो पहिल्यांदा मिळाला. तेव्हा पहिला प्रश्न हा: माझ्या प्रमाणपत्रावर नाव कुणाचं येणार?

दुसरा: ही फाउंडेशन डिग्री पूर्ण केल्यावर कोणत्या टॉप-अपला जाता येतं? उत्तर नावानिशी हवं. "पुढे जायचे खूप मार्ग आहेत" हे उत्तर नव्हे. प्रत्येक कोर्सचं प्रोग्राम स्पेसिफिकेशन नावाचं कागदपत्र असतं, बहुधा युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर मिळतं, आणि त्यात प्रोग्रेशन या मथळ्याखाली ते लिहिलेलं असतं. कोर्सला नाव घालण्याआधी वाचलंत तर उत्तम, पण दुसऱ्या वर्षात असाल तरी आजच काढून वाचा.

तिसरा: अट काय? काही ठिकाणी फाउंडेशन डिग्री नुसती पास असली तरी जागा मिळते, काही ठिकाणी मेरिट किंवा लेव्हल ५ मध्ये ठरावीक सरासरी मागतात, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात एक छोटं ब्रिजिंग मॉड्यूल करावं लागतं. ब्रिजिंग मॉड्यूल असेल तर त्याच्या तारखा लगेच लिहून ठेवा. ते सहसा जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि नेमकं तेव्हाच आपण भारताची तिकिटं काढलेली असतात.

त्याच युनिव्हर्सिटीत पुढे जायचं की दुसरीकडे? माझं मत स्पष्ट आहे: फार मोठं कारण नसेल तर त्याच युनिव्हर्सिटीत जा. त्यांनीच फाउंडेशन डिग्री मंजूर केलेली असते, त्यामुळे तुमची मॉड्यूल्स त्यांच्या लेव्हल ६ ला जोडून येतात. दुसरीकडे गेलात तर तिथले लोक तुमचं एकेक मॉड्यूल तपासून बघणार, एखादा विषय कमी पडला तर दुसऱ्या वर्षातच बसवणार. ज्या टॉप-अपने तुम्हाला हव्या त्या कामाकडे जाता येत नाही तो सोडून द्यायचा, हे मात्र मोठं कारण आहे.

कुठे पोचायचंय ते आधी, कोर्स नंतर

हा भाग नीट वाचा. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

शिक्षिका व्हायचंय त्यांच्यासाठी: इंग्लंडच्या सरकारी शाळांत पूर्ण शिक्षक म्हणून काम करायला साधारणपणे क्यूटीएस (शिक्षक म्हणून अधिकृत मान्यता) लागतं, आणि त्याच्या प्रशिक्षणाला पदवी लागते. फाउंडेशन डिग्री पुरत नाही. टॉप-अप करून बीए ऑनर्स झालं की पीजीसीईला अर्ज करता येतो. टॉप-अपचं नाव 'एज्युकेशन स्टडीज' असलं तरी त्यातून क्यूटीएस मिळत नाही, ते पुढच्या वर्षात मिळतं. शिवाय इंग्रजी आणि गणितात जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते, प्राथमिक शाळेसाठी विज्ञानातही. फाउंडेशन डिग्रीला कॉलेजने जीसीएसईऐवजी फंक्शनल स्किल्स लेव्हल २ (व्यवहारातल्या इंग्रजी-गणिताची पात्रता) चालवून घेतलेलं असतं, म्हणून बायका निश्चिंत असतात. शिक्षक प्रशिक्षणाला ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपली दहावीची मार्कलिस्ट चालते का, हे ज्या संस्थेत पीजीसीई करायचंय तिलाच विचारावं लागतं. चालत नसेल, तर इंग्लंडमध्ये १९ वर्षांवरच्या ज्यांच्याकडे इंग्रजी-गणिताची ग्रेड ४ नाही त्यांना हे दोन विषय कॉलेजात मोफत शिकता येतात; वास्तव्याच्या अटी असतात त्या तपासा. विज्ञान मात्र त्या मोफत सोयीत धरू नका. जीसीएसईचा अभ्यास टॉप-अपच्या वर्षात ढकलू नका. फाउंडेशन डिग्रीच्या पहिल्या वर्षातच उरकून टाका.

नर्सरीत काम करणाऱ्यांसाठी: अर्ली इयर्स टीचर स्टेटस नावाची पात्रता आहे. तिलाही पदवी आणि जीसीएसई लागतात, पण तिच्यातून क्यूटीएस मिळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांतच रमायचं असेल तर ती उत्तम. पुढे कधी तिसरी-चौथीचा वर्ग घ्यावासा वाटेल असं असेल तर विचार करून ठरवा.

नर्सिंग असोसिएट (हेल्थकेअर असिस्टंट आणि नर्स यांच्या मधलं पद) असणाऱ्यांसाठी: तुमचं दोन वर्षांचं शिक्षण लेव्हल ५ चं, बहुतेकदा फाउंडेशन डिग्रीच असतं आणि जानेवारी २०१९ पासून एनएमसीच्या (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) नोंदवहीत तुमचं स्वतंत्र नाव लागतं. पण रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर साधा एक वर्षाचा टॉप-अप उपयोगाचा नाही. रजिस्टर्ड नर्सच्या शिक्षणात प्रत्यक्ष कामाचे २,३०० तास लागतात. तुमचे आधीचे तास आणि अभ्यास त्यात धरला जातो, तरीही उरलेलं शिक्षण साधारण दीड ते दोन वर्षांचं असतं आणि कोर्सला एनएमसीची मान्यता असावीच लागते. 'हेल्थ अँड सोशल केअर' असा बीएससी टॉप-अप एका वर्षात होतो, पदवी मिळते, पण नर्स होता येत नाही. मूळची इचलकरंजीची एक मैत्रीण असाच फॉर्म भरत होती, तिला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोर्सचं पान उघडून एनएमसीची मान्यता कुठे दिसते का ते शोधायला लावलं. ती नव्हती. तिने आपल्या ट्रस्टमधल्या (हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था) प्रॅक्टिस एज्युकेटरला गाठलं आणि अप्रेंटिसशिपच्या वाटेने, म्हणजे नोकरी करता करता, शिकायला लागली. फी तिला भरावी लागत नाही, पगार चालू राहतो. तुमच्या ट्रस्टमध्ये अशी जागा आहे का ते आधी विचारा, टॉप-अपचा विचार नंतर करा.

सोशल वर्कचंही तसंच. सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेने मान्य केलेला कोर्स हवा. नुसत्या नावात 'सोशल' असून भागत नाही.

अर्ज

त्याच युनिव्हर्सिटीत पुढे जाणार असाल तर पुष्कळदा यूकॅसची (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणारी मध्यवर्ती संस्था) गरजच नसते. कॉलेज एक अंतर्गत प्रोग्रेशन फॉर्म देतं. तो फॉर्म कधी येतो, कोण देतं आणि शेवटची तारीख काय, हे पर्सनल ट्यूटरला दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात विचारा. उत्तर ई-मेलवर घ्या.

दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पूर्ण वेळ जायचं असेल तर अर्ज यूकॅसमधून. त्यात पॉइंट ऑफ एन्ट्री म्हणून एक रकाना असतो, तिथे ३ लिहिलं की तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागितला असा अर्थ होतो. पण काही टॉप-अप यूकॅसवर एक वर्षाचा स्वतंत्र कोर्स म्हणून दाखवलेले असतात. तिथे काय लिहायचं हे त्या युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन्स ऑफिसला विचारून घ्यायचं. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांची मुख्य मुदत जानेवारीत असते. नंतरही अर्ज घेतात, पण टॉप-अपच्या जागा कमी असतात. अर्धवेळ टॉप-अपला साधारणपणे युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरूनच थेट अर्ज होतो.

पर्सनल स्टेटमेंट आता २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलेलं आहे: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. सगळं मिळून ४,००० अक्षरांत. अठरा वर्षांच्या मुलांना तिसऱ्या प्रश्नाला काय लिहावं ते सुचत नाही. तुमच्याकडे तिथे लिहायला सर्वांत जास्त आहे, आणि आपल्या बायका तिथेच दोन ओळी लिहून थांबतात. "मी शाळेत मुलांना मदत करते" असं लिहू नका. कोणत्या वर्गात, कोणत्या अडचणीच्या मुलांबरोबर, तुम्ही काय करून पाहिलंत, त्याने काय बदललं, तुम्ही त्याबद्दल काय वाचलंत, ते लिहा. इंग्रजी न येणारं मूल रिसेप्शनच्या (चार-पाच वर्षांच्या मुलांच्या) वर्गात आलं आणि तुम्ही चित्रांचं वेळापत्रक करून त्याचा दिवस सोपा केलात, हे एका परिच्छेदात नीट मांडलंत तर प्रवेश देणाऱ्याला तुम्ही दिसता.

कागद जपा. प्रत्येक मॉड्यूलचं हँडबुक पीडीएफ करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. कॉलेजचं खातं कोर्स संपल्यावर बंद होतं. दुसऱ्या युनिव्हर्सिटीने "या मॉड्यूलमध्ये काय शिकवलं" असं विचारलं की तेच दाखवावं लागतं. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) जुलैच्या आत मिळेल का, हेही विचारून ठेवा, कारण फाउंडेशन डिग्रीचा निकाल आणि टॉप-अपची नोंदणी यांच्यात वेळ थोडा असतो.

पैसे

२०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये पूर्ण वेळ पदवीच्या एका वर्षाची फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. टॉप-अपलाही पुष्कळ ठिकाणी तेवढीच घेतात. कॉलेजात शिकवला जाणारा टॉप-अप बरेचदा स्वस्त असतो. फाउंडेशन डिग्रीची फी कमी होती म्हणून पुढचीही तेवढीच असेल असं धरून चालू नका.

स्टुडंट फायनान्सचं (सरकारी विद्यार्थी-कर्जाची सोय) कर्ज मिळायला साधारणपणे आयएलआर (कायम वास्तव्याची परवानगी) किंवा नागरिकत्व आणि कोर्सच्या आधीची तीन वर्षं यूकेमध्ये वास्तव्य लागतं. नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट असाल तर ते मिळत नाही. फाउंडेशन डिग्री चालू असताना आयएलआर झालं असेल, तर टॉप-अपच्या वेळी पात्रता नव्याने तपासून घ्या. फाउंडेशन डिग्रीवरून ऑनर्सला जाणं म्हणजे वरच्या पातळीला जाणं, त्यामुळे आधीच्या शिक्षणाचा नियम (त्या पातळीचं शिक्षण आधी झालं असेल तर पुन्हा कर्ज न देण्याचा) तिथे सहसा आडवा येत नाही. पण भारतातली पदवी असेल तर तो येऊ शकतो, कारण परदेशातलं शिक्षणही मोजलं जातं. अर्जात भारतातलं सगळं शिक्षण खरं खरं लिहा, अपुरं सोडलेलं वर्षसुद्धा. लपवलं आणि नंतर उघड झालं तर दिलेलं कर्ज परत मागतात.

पूर्ण वेळ शिकणाऱ्या आईबापांसाठी चाइल्डकेअर ग्रँट आणि पेरेंट्स लर्निंग अलाउन्स अशा दोन सवलती उत्पन्नानुसार मिळतात, आणि त्या फेडाव्या लागत नाहीत. अर्धवेळ शिकणाऱ्यांना त्या नाहीत. म्हणून "नोकरी आहे, अर्धवेळच बरं" असं एकदम ठरवू नका. दोन्ही बाजूंचा हिशोब कागदावर मांडा. एक वर्ष आठवड्याला दोन दिवस नोकरी आणि पूर्ण वेळ टॉप-अप, हे काही घरांना जास्त परवडतं. जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेससाठी लाइफलाँग लर्निंग एंटायटलमेंट ही विद्यार्थी-कर्जाची नवी व्यवस्था सरकारने जाहीर केली आहे, तेव्हा त्यानंतर सुरू करणाऱ्यांनी सरकारी वेबसाइटवर ताजे नियम वाचूनच पुढे जावं.

भारतातून स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलांसाठी एवढं: फाउंडेशन डिग्री पदवीखालची धरली जाते, त्यामुळे सत्र चालू असताना आठवड्याला १० तासच काम करता येतं, पदवीच्या कोर्सला २० तास. आणि ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर इथे राहून काम करायचा) फाउंडेशन डिग्रीवर मिळत नाही, त्याला निदान बॅचलर्स पदवी लागते.

लेव्हल ६ चं वर्ष

फाउंडेशन डिग्रीत आपण मुख्यतः हे दाखवतो की काम कळतं आणि त्यामागचा सिद्धांतही कळतो. लेव्हल ६ ला तेवढ्याने भागत नाही. तिथे तुम्हाला दोन अभ्यासकांची मतं समोरासमोर ठेवून, कुणाचा पुरावा कशामुळे जास्त भक्कम आहे आणि तुमच्या वर्गात त्यातलं काय टिकतं, हे सांगावं लागतं.

उदाहरण देते. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांबद्दल फाउंडेशन डिग्रीच्या निबंधात मी लिहायचे: भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स म्हणतात की मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा एकमेकींना आधार देतात, म्हणून आमच्या शाळेत आम्ही मुलांना घरच्या भाषेत पुस्तकं देतो. हे लेव्हल ५ ला चांगलं चाललं. लेव्हल ६ च्या ट्यूटरने समासात प्रश्न लिहिले. पुस्तकं दिली, पण वर्गात ती कोण वाचतं? शिक्षिकेला ती भाषा येत नसेल तर काय होतं? कमिन्स यांच्या मांडणीवर टीका कुणी आणि कशासाठी केली? हे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारता येऊ लागले की वर्ष सोपं जातं. प्रत्येक लेख वाचून झाला की मी वहीत तीन ओळी लिहायचे: हा काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, माझ्या वर्गात हे खरं ठरतं का. या तीन ओळी मी मराठीत लिहायचे. त्यामुळे लेखातली वाक्यं उचलली जात नाहीत, विचार आपला होतो, आणि मग इंग्रजीत लिहिताना टर्निटिनची (उचलेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) भीती उरत नाही. मी सल्ला देते त्या सगळ्या मराठी विद्यार्थिनींना ही सवय लावते.

मार्कांबद्दल मन आधीच तयार ठेवा. इथे ७० किंवा त्याच्या वर म्हणजे फर्स्ट, ६० ते ६९ टू-वन, ५० ते ५९ टू-टू, ४० ते ४९ थर्ड. पहिल्या असाइनमेंटला ५८ आले की आपल्या मुली रडायला लागतात, कारण आपल्याकडे ५८ म्हणजे काहीच नाही. इथे ५८ म्हणजे काम बरं आहे, थोडं अजून सुधारलं की टू-वन. ६५ आले तर घरी पेढे आणा. पीजीसीईला पुष्कळ ठिकाणी टू-टू मागतात. मात्र एक ध्यानात असू द्या: पुष्कळ युनिव्हर्सिटींमध्ये टॉप-अपच्या विद्यार्थ्यांचा अंतिम वर्ग फक्त लेव्हल ६ च्या १२० क्रेडिटवर ठरतो. फाउंडेशन डिग्रीतलं डिस्टिंक्शन त्यात धरलं जात नाही. म्हणजे ऑक्टोबरमधली पहिली असाइनमेंटसुद्धा पदवीच्या वर्गात मोजली जाते.

डिझर्टेशन, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहिलेला मोठा प्रबंध, हा या वर्षाचा गाभा. साधारण ८,००० ते १०,००० शब्द, बहुतेक ठिकाणी ३० किंवा ४० क्रेडिट. विषय निवडताना दूर जाऊ नका. तुम्ही रोज ज्या खोलीत उभ्या असता तिथे विषय आहे. तीन वर्षं सरळ युनिव्हर्सिटीत शिकलेल्या मुलांना संशोधनासाठी शाळा शोधत फिरावं लागतं. तुमच्यासाठी दार आधीच उघडं आहे. पण विषय लहान करा. "दुभाषी मुलांचं शिक्षण" हा डिझर्टेशनचा विषय होत नाही. "रिसेप्शनच्या वर्गात गोष्टीच्या वेळी घरची भाषा वापरल्याने मुलांचा सहभाग कसा बदलतो, तीन कर्मचाऱ्यांच्या नजरेतून" हा होतो.

स्वतःच्याच कामाच्या जागी संशोधन करायचं तर एथिक्सची परवानगी आधी लागते. युनिव्हर्सिटीचा फॉर्म, हेडटीचरची लेखी परवानगी, सहकाऱ्यांची संमती. मुलांशी थेट बोलणार असाल तर पालकांचीही. शिक्षणातल्या कामासाठी ब्रिटिश एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती मोफत वाचायला मिळतात आणि फॉर्म भरताना समोर ठेवावीत. परवानगी यायच्या आधी घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही. म्हणून फॉर्म नोव्हेंबरमध्येच द्या. डिसेंबरात शाळा नाताळच्या नाटकात बुडालेली असते, हेडटीचरची सही मिळत नाही. माझा सल्ला, पहिल्या डिझर्टेशनला मुलांच्या मुलाखती टाळा आणि कर्मचाऱ्यांशी बोला; परवानगी लवकर मिळते आणि सामग्रीही भरपूर येते.

सुपरवायझरच्या भेटी ठरलेल्या असतात, त्यातली एकही सोडू नका. भेटीच्या आदल्या दिवशी दोन पानं पाठवा, कितीही कच्ची असोत. "काही लिहून झालं नाही म्हणून गेले नाही" हे मी फार ऐकते, आणि ऐकून जीव तुटतो, कारण त्याच वेळी जायला हवं असतं. भेटीला काहीच नसेल तर अडलेला प्रश्न घेऊन जा.

घरच्यांना आधी सांगा. सप्टेंबरमध्ये मॉड्यूलच्या तारखा आल्या की त्या फ्रिजवर लावा, सासूबाई किंवा आई येणार असतील तर त्यांच्या तिकिटाच्या तारखा त्यांच्याशी ताडून बघा. डिझर्टेशन बहुधा एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात द्यायचं असतं. पाडव्यापासून ते सबमिशनपर्यंत घरी मोठा कार्यक्रम ठेवू नका.

मध्ये खंड पडला असेल तर

फाउंडेशन डिग्री करून बाळंतपण, आजारपण किंवा नोकरीमुळे थांबलेल्या पुष्कळ जणी आहेत. जुने क्रेडिट वाया गेले असं समजू नका. बहुतेक युनिव्हर्सिटी काही वर्षांपर्यंतचे क्रेडिट धरतात, पाच वर्षांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि त्याहून जुने असतील तर मधल्या काळातल्या नोकरीचा विचार करून निर्णय घेतात. ओपन युनिव्हर्सिटीकडेही आधीच्या क्रेडिटची पडताळणी करून मागता येते. घरून, अर्धवेळ शिकायचं असेल तर तो चांगला मार्ग आहे.

ज्या युनिव्हर्सिटीने तुमची फाउंडेशन डिग्री दिली तिच्या अ‍ॅडमिशन्स ऑफिसला आधी ई-मेल करा. त्यात लिहा: फाउंडेशन डिग्रीचं पूर्ण नाव, कॉलेज, पूर्ण झाल्याचं वर्ष, निकाल, तेव्हापासून कुठे आणि काय काम करता, आणि कोणत्या टॉप-अपला कोणत्या सप्टेंबरपासून यायचंय. सोबत ट्रान्सक्रिप्ट जोडा. शेवटी सरळ विचारा की माझे २४० क्रेडिट धरले जातील का, नसतील तर काय करावं लागेल. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर फोन करा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.